मालिनी मास्टर आणि आवणीची चाल

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापड कापणाऱ्याला मास्टर म्हणतात, आणि मास्टर म्हटलं की तो पुरुषच असणार असं सगळे धरून चालतात. प्रेम सेठच्या जीन्सच्या कारखान्यात नवा व्यापारी आला की तो मालिनीच्या डोक्यावरून मागे बघत विचारतो, "मास्टर किधर है?" मालिनी हातातलं कटिंगचं मशीन बंद करत नाही. तसंच त्या आवाजावर आवाज चढवून म्हणते, "बोलिए. मास्टरच बोलतेय."

मालिनी आढाव माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. मंडळीत मला सगळे आण्णा म्हणतात. आमची दोघांची ओळख सेंट बर्णबा कॅथेड्रलमधली. कॅथेड्रल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच मनोरे आणि रंगीत काचा येतात. आमचं तसं काही नाही. कामगारांच्या वस्तीसाठी बांधलेलं साधं कौलारू चर्च होतं. पुढे नवा धर्मप्रांत झाला, बिशपसाहेबांची खुर्ची आमच्याकडे ठेवली गेली, आणि बिशपांची खुर्ची जिथे ते कॅथेड्रल, या नियमाने आम्ही एका रविवारात मोठे झालो. कौलं तीच राहिली. सकाळी सातला इंग्रजी उपासना, नऊला मराठी, अकराला हिंदी. सातची माणसं बाहेर पडतात तेव्हा नऊची माणसं फाटकात उभी असतात. कित्येक वर्षं या दोन मंडळ्यांचा संबंध फाटकापुरताच होता.

मालिनी नऊची. संगमनेरकडची मुलगी, आठवीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन उल्हासनगरला आली. नवरा संदीप लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, शांत माणूस. कारखान्यात तिनं सुरुवात केली ती शिवलेल्या पँटींचे धागे कापण्यापासून. मग शिलाई. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन म्हाताऱ्या मास्टरच्या टेबलापाशी बसायची आणि खाता खाता त्याचा हात बघायची. एकदा मास्टर आजारी पडला आणि माल तर दोन दिवसांत जायचा होता. प्रेम सेठ डोकं धरून बसलेले. मालिनी म्हणाली, "सेठ, एक थर कापून दाखवते. वाकडा गेला तर मशीन बंद करा." थर सरळ गेला. मशीन त्या दिवसापासून तिच्याच हातात आहे.

आणि आवाज! नऊच्या उपासनेत ती तिसऱ्या बाकावर बसायची. पाळकांनी गीताचा नंबर सांगितला की तबलेवाला हातोडी खाली ठेवायच्या आत हिनं सूर धरलेला असायचा, आणि अख्खी मंडळी तिच्या मागून. पाचशे गीतं तिला तोंडपाठ असतील.

तीन वर्षांपूर्वी बिशपसाहेबांनी एक गोष्ट ठरवली. कॅथेड्रलचा क्वायर म्हणजे तोवर सातच्या उपासनेतली बावीस माणसं. चार आवाजांत गायची, हातात काळ्या फायली, गळ्याशी पांढरी कॉलर. बिशपसाहेब म्हणाले, क्वायर कॅथेड्रलचा आहे, तर तिन्ही मंडळ्यांचा असला पाहिजे. पाळक शिवराम गोर्डे यांनी नऊच्या उपासनेत सूचना वाचून दाखवली. वाचताना त्यांनाच खात्री नव्हती की कुणी जाईल.

शनिवारी सरावाच्या वेळी मालिनी कारखान्यातून थेट तिथे पोचली. ओढणीला निळे तंतू चिकटलेले. योगायोगानं मी तिथे पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी वरून ऐकलं.

क्वायरमास्टर उन्मेष पंडित. वय चौतीस, ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, पियानोच्या परीक्षा दिलेला, कामात चोख.

"सर, मला क्वायरमध्ये यायचंय," मालिनी म्हणाली.

उन्मेष उभा राहिला. "ताई, आवाज तुमचा ऐकलाय मी. पार्किंगमध्ये पण ऐकू येतो. पण आम्ही कागद वाचून गातो. चार आवाज, चार वेगळ्या ओळी. ऐकून पाठ करणाऱ्याला ते जमत नाही."

"मग वाचायला शिकवा."

"म्हणजे... लहानपणापासून केलेलं असलं तर बरं पडतं. आता या वयात..."

"सर, वय माझं आहे. त्याचं मी बघते. तुम्ही शिकवायचं बघा."

क्वायरमधल्या दोन बायका हसल्या. उन्मेष मात्र हसला नाही, हे मी शिडीवरून पाहिलं. तो जरा विचार करून म्हणाला, "एकट्या तुमच्यासाठी वर्ग नाही काढता येणार. पाच जण आणा."

मालिनीनं वर बघितलं. "आण्णा, खाली उतरा. तुम्ही दुसरे."

अशा रीतीनं मी सहासष्टाव्या वर्षी विद्यार्थी झालो. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, संडे स्कूलच्या खोलीत. बाकं लहान पोरांची, गुडघे हनुवटीला लागायचे. भिंतीवर मेंढरांची चित्रं. आम्ही सात जण सुरू झालो, दिवाळीपर्यंत पाच उरलो.

उन्मेषनं पहिल्या दिवशी फळ्यावर पाच आडव्या रेघा काढल्या आणि त्यांवर टिंबं दिली. टिंब वर चढलं की सूर वर, खाली उतरलं की सूर खाली. पोकळ टिंब लांब, भरलेलं आखूड. बाकीचे आम्ही घाबरून वहीत उतरवून घेत होतो. मालिनी नुसती बघत होती.

"लिहून घ्या, मालिनीताई."

"सर, हे पॅटर्न आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे कागदावर खुणा असतात. इथे चुणी, इथे खिसा, इथून कापा. कपडा अजून झालेला नसतो, पण माहीत असणाऱ्याला तो कागदात दिसतो. तसंच ना?"

उन्मेष खडू हातात धरून उभा राहिला. "तसंच," म्हणाला.

ती कारखान्यात तपकिरी कागदावर खडूनं पाच रेघा मारायची आणि शिवणाऱ्या मुलींना विचारायची, सांगा कुठलं टिंब उंच. प्रेम सेठ एकदा तो कागद उचलून म्हणाले, "मास्टर, ये कौनसा नया डिझाईन निकाला?" "भजन है, सेठ." सेठनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

सगळं सोपं होतं असं मात्र नाही. तिसऱ्या महिन्यात उन्मेषनं तिला पकडलं. एक ओळ त्यानं पेटीवर वाजवून दाखवली आणि मालिनीनं कागद समोर धरून ती बिनचूक म्हटली. आम्ही खूश. उन्मेष म्हणाला, "ताई, कागद उलटा धरलाय तुम्ही."

खरंच उलटा होता.

"तुम्ही वाचत नाही. मी एकदा वाजवलं की तुम्हाला पाठ होतं, आणि मग डोळे नुसते कागदावर ठेवता. ही घ्या दुसरी ओळ. ही मी वाजवणार नाही."

मालिनीनं कागद सरळ धरला. तोंड उघडलं, मिटलं. पहिला सूर तिला लागेना. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. ती वही उचलून घरी गेली. मला वाटलं, संपलं आता.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. "सर," ती म्हणाली, "इथून पुढे माझ्यासाठी आधी वाजवू नका. मला चुकू द्या. पाठ करायची सवय आहे, ती मोडायला चुकावंच लागेल."

आणि ती चुकली. डिसेंबरभर, जानेवारीभर, मोठ्या आवाजात, न लाजता चुकली. संदीप सांगायचा, घरात भांडी घासतानासुद्धा ती कागद खिडकीच्या गजाला लावून ठेवते. उपवासकाळ संपत आला तेव्हा तिच्या चुका विरळ झाल्या होत्या. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सकाळी, ती पांढरी कॉलर लावून आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभी होती, आणि मी मागे बेसमध्ये, पुरुषांच्या सगळ्यात खालच्या आवाजात, माझा एकच सूर घट्ट धरून.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

वाचायला आल्यावर उन्मेष म्हणाला, आता लिहायचं. प्रत्येकानं अशी एक चाल कागदावर उतरवून आणायची जी अजून कुणी उतरवलेली नाही. मी आमच्या आईचा पाळणा घेतला. मालिनीनं तिच्या सासूचं जुनं गीतपुस्तक काढलं. आमच्या जुन्या पुस्तकांत नुसते शब्द असतात, सूर नसतात. शब्दांच्या वर बारीक अक्षरांत चालीचं नाव. ते माहीत असेल तर गा, नसेल तर आपली चाल लावा. त्यात एक गीत होतं, दरवर्षी सुगीच्या सणाला आम्ही ते म्हणायचो:

हात माझा चिखलात, डोळा तुझ्या वाटेवर,
रोप रोप लाविते मी, प्रभू, तुझ्या शब्दावर.

आम्ही ते एका रोजच्या भजनाच्या ठेक्यावर उडवून द्यायचो. पण वर छापलं होतं, "चाल – आवणीची." आवणी म्हणजे भाताची लावणी.

"आण्णा, ही चाल कुणाला येते?"

मला येत नव्हती. पाळकांनाही नाही. नऊच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना तिनं एकेक करून विचारलं. बहुतेक सगळे तिच्यासारखेच घाटावरून आलेले, ज्वारी-बाजरीच्या मुलखातले. शेवटी पाळक म्हणाले, "मोतीबाई आहेत बदलापूरला. वांगणीच्या पुढच्या पाड्यावरच्या. मिशनच्या बोर्डिंगात तीस वर्षं स्वयंपाक केला. आता खरवईला नातीकडे असतात. पण बाई फटकळ आहेत, सांभाळून."

एका रविवारी उपासना झाल्यावर आम्ही दोघं गेलो. खरवईच्या नव्या इमारतींपैकी एक, सातवा मजला. नात जिज्ञासा नर्स आहे, तिनं दार उघडलं. मोतीबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी, अंग एवढंसं, डोळे मात्र लखलखीत. खिडकीतून खाली दोन इमारतींच्या मधोमध भाताचं एक खाचर दिसत होतं.

मालिनीनं नमस्कार करून पुस्तक दाखवलं, शब्द वाचले. मग मोबाईल काढून त्यांच्यासमोर धरला. "आजी, एकदा म्हणून दाखवा. मी रेकॉर्ड करून घेते, म्हणजे तुम्हाला परत त्रास नाही."

"ठेव तो आत," मोतीबाई म्हणाल्या. "त्याच्यात घातलंस की तू इसरशील. मना पेटीत नाय बसायचं."

"बरं. मग मी ऐकते."

"ऐकून काय करशील? उभी ऱ्हा. वाक."

मालिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग कंबरेत वाकली.

"मागं मागं चालायचं. आवणी पुढं तोंड करून नाय व्हत. जिज्ञासा, हिच्या हातात काय तरी दे."

जिज्ञासानं फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी आणून दिली. आणि त्या गुळगुळीत फरशीवर एक्कावन्न वर्षांची आमची मालिनी मास्टर वाकून, एकेक काडी ठेवत, मागे मागे सरकू लागली. मोतीबाईंनी सूर लावला.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. बारीक होता, मध्येच तुटत होता, पण चालीची चढण मुळीच चुकत नव्हती. "हात माझा चिखलात" खाली खाली उतरत जायचं, वाकल्यासारखं. "डोळा तुझ्या वाटेवर" एकदम वर. आणि तिथे, "वाटेवर"च्या शेवटच्या सुरावर त्या थांबल्या. सूर सोडला नाही, पुढेही गेल्या नाहीत. मालिनीच्या हातातली कोथिंबीर संपली होती.

"आता?" मालिनीनं वाकल्या वाकल्या विचारलं.

मोतीबाईंनी खुर्चीजवळच्या पिशवीतली मेथीची जुडी उचलून तिच्या पायाशी टाकली आणि मगच पुढची ओळ घेतली. "जुडी संपली का बाई थांबतं. बांधावरून दुसरी टाकतात. ती पडली का गाणं पुढं. जुडी नाय पडली तर गाणं कसं जाईल? रोप कोन लावील?"

त्या पावसाळ्यात मालिनी चार रविवार खरवईला गेली. प्रत्येक वेळी घरी येऊन कागदावर उतरवायची, खोडायची, परत उतरवायची. पाचव्या आठवड्यात तिनं कागद उन्मेषपुढे ठेवला.

उन्मेषनं वाचला. लाल पेन्सिल काढली. "चाल सुंदर आहे. पण मात्रा चुकल्यात. पहिली ओळ बघा. पहिल्या कडव्यात नऊ, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा. प्रत्येक ओळ आठाची हवी. मी नीट करून देतो." आणि त्यानं शेवटच्या सुराचं शेपूट सगळीकडे सारखं कापून टाकलं.

मालिनी त्या लाल खुणांकडे बराच वेळ बघत राहिली. ती चिडली नव्हती. कापलेला थर चुकला की ती जशी आधी कारण शोधते, तसं बघत होती.

"सर, तुम्ही मार्जिन कापलंत."

"म्हणजे?"

"शिलाईसाठी कापड सोडावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जास्तीचं आहे, वाया चाललंय. ते कापलं की पँट अंगावर चढत नाही. ही थांबायची जागा जास्तीची नाही. गाणं तिच्यावरच उभं आहे."

"पण ताई, किती थांबायचं ते लिहिलं नाही तर तीस माणसं एकत्र कशी गाणार? एक जण आधी जाईल, एक जण नंतर."

"शेतात वीस बाया एकत्र गातात."

"शेतात कागद नसतो."

"मग कागद कमी पडतोय. बाया बरोबर आहेत."

उन्मेष पेन्सिल फिरवत राहिला. आवाज न चढवता ती ठाम होती आणि तोही ठाम होता. शेवटी तीच म्हणाली, "रविवारी चला माझ्याबरोबर. तिथे ऐकून तुम्ही म्हणालात चूक आहे, तर मी आठाचं लिहून आणते."

उन्मेष आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. मोतीबाईंनी डबा जिज्ञासाकडे दिला आणि म्हणाल्या, "वाक."

"आजी, मी फक्त ऐकायला..."

"हिला शिकवतोस ना तू? मग वाक."

त्यालाही कोथिंबीर मिळाली. तो पाच-सहा पावलं मागे गेला, काड्या ठेवत. सूर "वाटेवर"पाशी पोचला, त्याचा हात रिकामा झाला, आणि तो नकळत मान वर करून पुढच्या जुडीची वाट बघत थांबला. मोतीबाई सूर धरून होत्या. जुडी पडली. ओळ पुढे गेली. तो तसाच वाकलेला राहिला.

मग सरळ होऊन त्यानं मालिनीकडून कागद मागून घेतला. तिच्या शेवटच्या सुराच्या डोक्यावर एक छोटी कमान काढली आणि कमानीच्या पोटात एक टिंब दिलं. "याला फर्माटा म्हणतात. या सुरावर थांबा, मोजू नका. पुढे उभा असलेला माणूस हात खाली आणेल तेव्हाच पुढे जा."

मालिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे खूण होती! मग आधी का नाही सांगितलंत?"

"पुढच्या वर्षीच्या धड्यात होती," उन्मेष ओशाळून म्हणाला. "आणि मला सुचलंच नाही. मी ती फक्त गाण्याच्या शेवटी बघितलीय, मोठं वाटावं म्हणून ठेवलेली. मधोमध, कामासाठी ठेवलेली, कधी नाही."

लिफ्टमधून उतरताना तो म्हणाला, "सुगीच्या सणाला तिन्ही मंडळ्यांची एकत्र उपासना आहे. हे गाऊया. पण ताई, पुढे उभं तुम्ही राहायचं. किती थांबायचं हे मला कळणार नाही."

मला वाटलं, ती म्हणेल, छे सर, मी कुठे. ती म्हणाली, "राहते. पण सरावाला सगळ्यांना वाकायला लावणार."

आणि लावलं. सातच्या उपासनेतल्या काही जणांना ते रुचलं नाही. क्वायरमध्ये नसलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, बिशपसाहेबांपुढे शेतातलं गाणं शोभेल का? मालिनी म्हणाली, "बाई, सण सुगीचा आहे. भात काय बिशपसाहेबांनी लावला?" इकडे नऊच्या मंडळीतही कुरकूर होती, आता आपलं भजनही इंग्रजी रेघांवर बसवणार म्हणून. त्यांना तिनं वेगळं उत्तर दिलं. "मोतीबाई सत्त्याऐंशीच्या आहेत. त्यांच्यामागे ही चाल तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. पुढच्या शनिवारी त्यांच्यातलेच चार जण सरावाला आले.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी कॅथेड्रल भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. वेदीच्या पायऱ्यांवर भाताच्या लोंब्या, भोपळे, काकड्या, डाळींची पाकिटं. आपापल्या कष्टाचं पहिलं फळ आणा असं सांगितलं होतं, म्हणून मालिनीनं त्यांतच घडी केलेली एक निळी जीन्स ठेवली होती. जिज्ञासानं मोतीबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या बाकाशेजारी बसवलं. अंगावर हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर.

शास्त्रपाठ झाला, उपदेश झाला. क्वायर उभा राहिला. आता आम्ही चौतीस जण होतो. मालिनी पुढे गेली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिनं आधी पाय किंचित फाकवले, जसे ती कापायच्या टेबलापाशी फाकवते. हात उचलला.

बेस खाली, आल्टो मधे, वर सोप्रानो. "हात माझा चिखलात" आम्ही इतकं खाली नेलं की बाकांना थरथर जाणवली असेल. मग "डोळा तुझ्या वाटेवर", आणि तिथे तिचा हात थांबला. चौतीस गळे एकाच सुरावर टांगलेले. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. एका बाजूला कुणाला तरी वाटलं गाणं संपलं, त्यानं टाळीसाठी हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. हात खाली आला. ओळ पुढे गेली.

दुसरं कडवं असंच झालं. तिसऱ्या कडव्यात, थांबलेल्या सुरावर, मालिनीचा हात अजून वर असताना पहिल्या बाकापासून एक बारीक आवाज पुढे निघाला. मोतीबाईंना जुडी पडलेली दिसली असावी. "रोप रोप लाविते मी..."

क्वायर गडबडला असता. उन्मेष पेटीवरून अर्धा उठला. मालिनी वळली, अगदी सावकाश. तिनं आमच्याकडचा हात तसाच ठेवून दुसरा हात मोतीबाईंकडे केला, आणि त्या आवाजाच्या दुसऱ्या शब्दावर आम्हाला आत घेतलं. चौतीस माणसं एका म्हातारीच्या मागून गेली. नऊची मंडळी उठून उभी राहिली आणि गाऊ लागली, मग अकराची, आणि शेवटचा "शब्दावर" आला तेव्हा सातची बँकेतली बाईही उभी होती, तोंड हलवत.

उपासनेनंतर बिशपसाहेब मोतीबाईंपाशी जाऊन वाकले. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवण्याऐवजी मोतीबाईंनीच त्यांच्या हातावर हात ठेवला. मालिनीनं विचारलं, "आजी, कसं झालं?"

"बरं झालं," मोतीबाई म्हणाल्या. "पन तुमची मानसं लय ताठ उभी ऱ्हातात."

मालिनी मोठ्यांदा हसली. त्या रात्री, संदीप सांगतो, ती जेवताना एकदम थांबली आणि म्हणाली, "आज मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती ना?" आणि मग पुढचा घास घेतला.

हे झालं त्याला वर्ष उलटून गेलं. मोतीबाईंना अजून कितीतरी चाली येतात. दळणाच्या, पाळण्याच्या, जंगलातून मोळी आणतानाच्या. त्यांतल्या चौदा आतापर्यंत कागदावर आल्या आहेत. सात मालिनीनं लिहिल्या, बाकीच्या वर्गातल्या इतरांनी. एक माझीही आहे, आणि तिच्यात उन्मेषनं लाल पेन्सिल फक्त दोनदाच लावली. गुरुवारच्या वर्गाचे आता दोन भाग झालेत. वरचा वर्ग उन्मेष घेतो. नव्या माणसांचा मालिनी घेते. पहिल्याच दिवशी ती त्यांना सांगते, इथे चुकायला यायचं, बरोबर गायला घरी जागा आहे.

गेल्या वर्षी तिनं बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. गणितात तिला शंभरातले एक्क्याऐंशी मिळाले, इंग्रजीत काठावर पास. प्रेम सेठनी कारखान्यात पेढे वाटले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली तेव्हा क्वायरनं तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिनं त्या घेतल्या, आल्टोच्या रांगेत जाऊन फाईल उघडली आणि म्हणाली, "सर, तिसऱ्या पानावर आल्टोला चुकीचा सूर छापलाय. बघा बरं."

उन्मेषनं बघितलं. छापलाच होता चुकीचा.